तडकलेला रेडिएटर घरीच बदलायचा असेल तर

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर माझ्या गाडीत इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती आणि गोडसर वास सुटला होता. रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या, वरच्या प्लास्टिकच्या टाकीला, होज पाईप बसतो त्या तोंडाजवळ, केसासारखी तडा गेली होती. गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी, लहान, पेट्रोलवर चालणारी. घरी आणल्यावर मी तो रेडिएटर सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलला. तेव्हा जे कोणी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते इथे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. रेडिएटर काढून दुसरा बसवणं हा या कामातला सोपा भाग आहे. थोडे बोल्ट, दोन होज, एक-दोन वायरींचे सॉकेट, एवढंच. इंजिनाचं नुकसान होतं ते दोन ठिकाणी: बदलायच्या आधी दुखणं नीट न ओळखल्यामुळे, आणि बदलल्यानंतर आत अडकलेली हवा न काढल्यामुळे. म्हणून पहिली आणि आठवी पायरी कंटाळा न करता वाचा.

१. गळती रेडिएटरचीच आहे का, ते आधी ठरवा

आजच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरची मधली जाळी ॲल्युमिनियमची असते आणि कडेच्या किंवा वर-खालच्या टाक्या प्लास्टिकच्या. दोन्हींच्या मध्ये रबरी गॅस्केट घालून धातूची कड दाबलेली असते. वर्षानुवर्षं तापून आणि थंड होऊन प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून तडा बहुधा टाकीला जाते किंवा त्या दाबलेल्या कडेतून पाझर सुरू होतो. थंड गाडीचं बॉनेट उघडून टॉर्चने बघा. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रसायन मिसळलेलं पाणी, वाळलं की हिरवट, गुलाबी किंवा पांढरट डाग मागे राहतो. डाग जिथून सुरू होतो तिथे दोष, जिथे संपतो तिथे नव्हे. माझ्या गाडीखाली थेंब पडत होते खालच्या कोपऱ्यात, आणि तडा होती वर.

पाणी गळायच्या इतर जागाही असतात: होजची क्लिप, वॉटर पंप, डॅशबोर्डमागचा हीटर. डाव्या सीटच्या पायाशी मॅट ओलं आणि चिकट लागत असेल तर हीटर तपासा.

आणि एक तपासणी चुकवू नका. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. दुधाच्या चहासारखा रंग दिसला, किंवा एक्झॉस्टमधून सतत पांढरा, गोड वासाचा धूर येत असला, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) गेल्याची शक्यता मोठी. गाडी तापलेली असताना बराच वेळ दामटली असेल तर हे होतं. अशा वेळी नवा रेडिएटर बसवून काही साधत नाही. गाडी मेकॅनिककडे न्या.

२. कागदपत्रं: पाना हातात घ्यायच्या आधी

- आरसी. सुटा भाग मागताना चॅसी नंबर लागतो.
- गाडीसोबत आलेलं मालकाचं पुस्तक. कूलंट किती लिटर आणि कोणत्या प्रकारचं, हे त्यात दिलेलं असतं.
- वॉरंटीचा कागद. मुदत शिल्लक असेल तर स्वतः हात लावू नका, आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा.
- विमा पॉलिसी. रेडिएटर अपघातात किंवा दगड लागून फुटला असेल आणि दावा करायचा असेल, तर विमा कंपनीला आधी कळवा, फोटो काढा, सर्व्हेअरने पाहू द्या. भाग सुटा करून बाजूला ठेवल्यावर नुकसान कशाने झालं हे सिद्ध करणं जड जातं.

सोसायटीत राहत असाल तर एक तोंडी परवानगीही घ्या. मी वॉचमनकाकांना आणि सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे दिवसभर कोणी हटकलं नाही.

३. योग्य रेडिएटर विकत घेणं

पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं रांगेनं आहेत. तुमच्या गावातही अशी एक गल्ली असेलच. दुकानात फक्त गाडीचं नाव सांगून भागत नाही. सांगायच्या गोष्टी: कोणत्या साली बनलेली, पेट्रोल की डिझेल की सीएनजी, गिअर हाताचे की ऑटोमॅटिक, एसी आहे की नाही. एकाच नावाच्या गाडीला दोन पिढ्यांत दोन वेगळे रेडिएटर असतात.

जमलं तर जुना रेडिएटर काढूनच दुकानात न्या. नाही तर चारी बाजूंनी फोटो आणि लांबी-रुंदीची मापं न्या. दोन्ही नळ्यांची तोंडं त्याच बाजूला आणि त्याच जाडीची आहेत का, खालच्या खुंट्या तिथेच आहेत का, फॅनची चौकट अडकवायची भोकं जुळतात का, हे काउंटरवरच पडताळा. छोट्या पेट्रोल गाडीचा बाजारातला रेडिएटर दोन ते पाच हजारांच्या घरात मिळतो. पक्कं बिल मागा आणि खोका जपून ठेवा, कारण खोक्याशिवाय बदलून देताना खळखळ होते.

सोबत या वस्तू घ्या:

- रेडिएटरचं नवं झाकण. जुन्या झाकणातली स्प्रिंग दमलेली असते. झाकणावर ०.९, १.१ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, तो दाबाचा. तोच आकडा घ्या. सुमारे १ बार जादा दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे सगळी यंत्रणा या झाकणावर उभी असते.
- वरचा आणि खालचा होज, जर दाबल्यावर मऊ, फुगीर किंवा भेगाळलेले वाटले तर.
- कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. किती, ते सातव्या पायरीत.

४. हत्यारं

दहा आणि बारा नंबरचे पाने, सॉकेट आणि रॅचेट, चांगला स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, नोज प्लायर, प्लास्टिकचं नरसाळं, मोठं घमेलं, झाकणाची बादली किंवा रिकामा कॅन, ताडपत्री, जुन्या चिंध्या, हातमोजे, चष्मा, केबल टाय, आणि जुन्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे. पुठ्ठा विसरू नका. नव्या रेडिएटरच्या जाळीला पाना नुसता घासला तरी पत्र्या दुमडतात, म्हणून बसवताना दोन्ही बाजूंना पुठ्ठा धरायचा.

काही गाड्यांत खालचा होज वरून हाताला लागत नाही आणि गाडी उचलावी लागते. तेव्हा जॅक स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर किंवा विटा आणि सिमेंटच्या ब्लॉकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. वीट भाराखाली तडा न दाखवता एकदम फुटते. स्टँड नसेल तर एका दिवसासाठी भाड्याने आणा, नाहीतर हे काम गॅरेजला द्या.

५. थंड करा, बॅटरी सोडा, कूलंट काढा

गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी कामाला लागा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर दाब एकदम सुटतो आणि उकळतं कूलंट थेट चेहऱ्यावर येतं. फडकं धरून "थोडंसंच" उघडण्याचा मोहही नको. वरचा होज हाताला पूर्ण गार लागला, तरच झाकणाला हात लावायचा.

हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, चाकांना लाकडी ठोकळे लावा. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फॅन आपोआप सुरू होतो आणि तेव्हा बोटं नेमकी पात्यांत असतात. इंजिनाच्या भागाचे मोबाइलवर सात-आठ फोटो काढून ठेवा. कोणती क्लिप कोणत्या बाजूला होती, कोणती वायर कुठून गेली होती, हे संध्याकाळी आठवत नाही.

आता झाकण काढा, खाली घमेलं ठेवा आणि रेडिएटरच्या तळाचा प्लास्टिकचा ड्रेन स्क्रू हाताने सैल करा. तो जाम झाला असेल तर पक्कड लावून जोर करू नका, तुटून आत अडकतो. त्याऐवजी खालच्या होजची क्लिप सरकवून होज काढा. धार जोरात येते, बाजूला उभे राहा.

हे कूलंट गटारात, बागेत किंवा पार्किंगच्या फरशीवर सोडू नका. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं. चव गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरतात. लहान मुलांनाही तोच धोका. आमच्या पार्किंगमध्ये चार कुत्री झोपतात, म्हणून मी एकेक थेंब चिंधीने टिपून घेतला आणि फरशी भरपूर पाण्याने धुतली. काढलेलं कूलंट बंद कॅनमध्ये भरा, वर "विष" असं लिहा आणि ते वापरलेलं कूलंट व ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये देऊन या.

६. जुना काढा, नवा बसवा

क्रम असा. आधी फॅनच्या मोटरचं सॉकेट सोडवा. खटका दाबून ओढायचं, तार धरून नाही. मग ओव्हरफ्लो बाटलीकडे (जादा कूलंट साठवणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीकडे) जाणारी बारीक नळी, मग वरचा होज, मग खालचा. होज चिकटून बसलेला असतो. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटण्याऐवजी आधी पिळून हलवा. तरीही सुटला नाही आणि नवा होज आणलेला असेल तर जुना सरळ कापा. इंजिनाकडच्या तोंडाला ओरखडा पडला तर नवा होजही तिथून पाझरतो.

यानंतर वरच्या दोन पट्ट्यांचे बोल्ट. बऱ्याच लहान गाड्यांत ते दहा नंबरचे असतात. काही गाड्यांत पुढची जाळी किंवा बंपर सैल करावा लागतो. बंपरच्या प्लास्टिकच्या क्लिपा जुन्या झाल्या की तुटतात, म्हणून पाच-सहा जादा आणून ठेवलेल्या बऱ्या.

रेडिएटरच्या पुढ्यात त्याच्यासारखीच दिसणारी दुसरी जाळी असते. तो एसीचा कंडेन्सर. त्याच्या नळ्यांत दाबाखाली गॅस असतो. त्या नळ्यांचे नट चुकूनही सोडू नका. कंडेन्सर रेडिएटरलाच अडकवलेला असेल तर फक्त त्याचे हूक किंवा स्क्रू काढा आणि त्याला वरच्या पट्टीला केबल टायने बांधून ठेवा, लोंबकळू देऊ नका. तुमची गाडी टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी प्रकारची ऑटोमॅटिक असेल तर रेडिएटरला गिअरच्या तेलाच्या दोन नळ्याही जोडलेल्या असू शकतात. त्या दिसल्या तर पहिल्यांदाच काम करणाऱ्याने थांबावं असं माझं मत आहे, कारण मग गिअरच्या तेलाची पातळी तंतोतंत राखावी लागते.

रेडिएटर सरळ वर उचला. तळाशी त्याच्या खुंट्या रबरी बुशात बसलेल्या असतात. एखादं बुश रेडिएटरला चिकटून वर येतं आणि लक्ष नसेल तर जुन्या रेडिएटरसोबत भंगारात जातं. ही बुशं मोजा. ती नसतील तर नवा रेडिएटर पत्र्यावर आदळत राहतो आणि पुन्हा तडकतो.

फॅनची चौकट जुन्यावरून काढून नव्यावर लावा. इथे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये जातात, म्हणून हाताच्या बेताने आवळा, रॅचेट नको. नव्या रेडिएटरच्या तोंडांवरची प्लास्टिकची टोपणं काढायला विसरू नका. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये साचलेला कचरा, पानं, मेलेले किडे मऊ ब्रशने झाडून घ्या. माझ्याकडे मूठभर निघाला.

मग पुठ्ठे धरून नवा रेडिएटर हळूच खाली सोडा, खुंट्या बुशात गेल्याची खात्री करा, बोल्ट लावा, होज टोकापर्यंत सरकवा. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे यायला हवी. उंचवट्यावरच बसली तर गाडी तापल्यावर होज निसटतो.

७. धुणं आणि भरणं

घाटात माझी गाडी बंद पडली तेव्हा मागून आलेल्या एका ट्रकचालक काकांनी, गाडी निवल्यावर, रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाकली होती. आपल्याकडचा जुना उपाय आहे हा. हळद फुगून तडा बुजवते आणि माणूस घरी पोचतो. मी पोचले, आणि त्यांचे आभार मानते. पण तीच हळद बारीक नळ्यांतही जाऊन बसते. तुम्हीही हळद, गळती थांबवणारं औषध किंवा बाहेरून इपॉक्सी असं काही केलं असेल, तर नवा रेडिएटर भरण्यापूर्वी इंजिनातला भाग धुवा. डिस्टिल्ड वॉटर भरायचं, आठव्या पायरीप्रमाणे हवा काढून इंजिन गरम करायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं, सोडायचं. माझं पाणी तिसऱ्या वेळी स्वच्छ आलं.

बोअरवेलचं किंवा नळाचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार नळ्यांत थर धरतात. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं.

आणि आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ते उकळण्याचा अंश वाढवतं, ॲल्युमिनियमला गंजू देत नाही आणि वॉटर पंपाचं सील टिकवतं.

कूलंट दोन प्रकारे मिळतं: तयार मिसळलेलं, जे तसंच ओतायचं, आणि घट्ट, ज्यात तितकंच डिस्टिल्ड वॉटर घालायचं. तयार कूलंटमध्ये आणखी पाणी घालणं ही नेहमी होणारी चूक. रंगावरही जाऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं हे कंपन्यांचे रंग आहेत, आतलं रसायन त्यावरून ठरत नाही. पुस्तकात लिहिलेला प्रकार आणि कॅनवरचा प्रकार जुळवा, आणि दोन वेगळी कूलंटं एकत्र करू नका.

इथे एक हिशोब आहे. तळाशी स्क्रू सोडला तरी इंजिनाच्या आतलं सगळं पाणी बाहेर येत नाही. समजा पुस्तकात क्षमता ४ लिटर दिली आहे. तुम्ही धुतलं आणि बाहेर आलं २.५ लिटर. म्हणजे १.५ लिटर साधं पाणी आतच आहे. आता वरून २.५ लिटर तयार कूलंट ओतलं तर त्यात खरं कूलंट १.२५ लिटर, म्हणजे चार लिटरमध्ये जेमतेम ३१ टक्के. म्हणून धुतलेल्या गाडीत घट्ट कूलंट घ्या: आधी क्षमतेच्या निम्मं, म्हणजे २ लिटर घट्ट कूलंट, मग उरलेली जागा, साधारण अर्धा लिटर, डिस्टिल्ड वॉटरने भरा. धुतलंच नसेल, जुनं कूलंट चांगलं असेल आणि त्याच प्रकारचं असेल, तर तयार कूलंट थेट चालतं.

ओतताना घाई नको. बारीक धार, मध्ये थांबत.

८. हवा काढणं

आत हवेचा फुगा राहिला की कूलंट फिरत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर उघडून कूलंट रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप; त्याच्या भोवती हवा असेल तर त्याला उष्णता नीट पोचत नाही आणि तो उघडत नाही. तापमान मोजणारा सेन्सर हवेत असेल तर काटा नॉर्मल दाखवत राहतो आणि तिकडे हेड तापून वाकतं. सगळं व्यवस्थित बसवूनही दुसऱ्याच दिवशी इंजिन जातं ते असं.

ज्या गाडीत झाकण रेडिएटरवरच असतं तिथे मी केलं ते असं. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी केली, म्हणजे झाकण सर्वांत उंच जागी आलं. बॅटरीची तार परत जोडली. आत हीटर पूर्ण गरमवर, पंखा एकवर, एसी बंद. मे महिन्यातसुद्धा हीटर लावायचाच, कारण त्याच्या नळ्यांतही हवा असते. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, तोंड बाजूला ठेवलं. अधूनमधून वरचा होज हाताने दाबला की बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, तेवढं कूलंट वरून घालायचं. होज तापायला लागला की दाबणं थांबवा.

सुरुवातीला वरचा होज गार असतो. काही मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडतो, होज एकदम तापतो आणि पातळी झपकन खाली जाते. घाबरू नका, भरा. कूलंट वर चढून सांडायला लागलं की झाकण घट्ट लावा आणि फॅन सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. असं दोनदा होऊ द्या. हीटरमधून कडक गरम हवा यायला हवी. इंजिन तापलेलं आणि हीटरची हवा गार, म्हणजे हवा अजून आत आहे. फॅन सुरूच झाला नाही आणि लाल दिवा लागला, तर ताबडतोब इंजिन बंद करा आणि फॅनचं सॉकेट बघा.

मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या, दोन-तीन तास, आणि पुन्हा झाकण उघडून पातळी बघा. माझ्या गाडीत या वेळी आणखी पाव लिटरहून जास्त गेलं. ओव्हरफ्लो बाटली दोन खुणांच्या मध्ये भरा. काही इंजिनांवर हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, आणि काहींत रेडिएटरला झाकण नसून दाब धरणारी टाकी असते. तिथे पुस्तकातली पद्धत पाळा.

९. पहिले काही दिवस

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी ओला डाग दिसला तर क्लिपा तपासा, बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. सलग चार सकाळी थंड गाडीत पातळी बघा. आधी गावातल्या गावात फिरा, मग हायवे. मी दोन आठवडे घाट टाळला.

बऱ्याच लहान गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल, एवढंच. तसं असेल तर लाल दिवा हीच पहिली आणि शेवटची सूचना समजा. लगेच एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, त्याने हेडला तडा जाऊ शकते. अर्धा-पाऊण तास थांबा.

जुना रेडिएटर भंगारवाल्याला देताना प्लास्टिकच्या टाक्या वेगळ्या काढून द्या, ॲल्युमिनियमचा भाव वेगळा मिळतो. आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: कूलंट कोणतं घातलं, घट्ट किती, पाणी किती, तारीख आणि किलोमीटर. पुढच्या वेळी बॉनेट उघडणारा माणूस कदाचित तुम्ही नसाल.